ठिणगी बघायची सवय

आमच्या आप्पांचं गॅरेज बंद पडलं. निपाणीत कुणालाही विचारा, ‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि मिस्त्री घरी बसला’ असंच सांगतील. बरेच महिने मीही तसंच सांगत होते. सांगायला सोपं जातं, आणि ऐकणाराही ‘काळच तसा आलाय’ म्हणून मान हलवून मोकळा होतो. पण ते खरं नाही. आप्पांचा उजवा हात आता मिटत नाही, म्हणून गॅरेज बंद पडलं. आणि तो हात तसा होण्यात माझा वाटा आहे, हे मी आजवर घरातल्या दोन माणसांपलीकडे कुणालाही सांगितलेलं नाही.

गॅरेज म्हणजे तरी काय, हायवे सोडून गावात शिरताना लागणारी पत्र्याची एक शेड. माझी आजी जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबली. आई अजूनही दुपारची विड्या वळायला बसते. आमच्या घराण्यात कुणाच्या मालकीचं म्हणून पहिलं काही झालं असेल तर ती ही शेड. आप्पा मात्र स्वतःला कधी मालक म्हणवून घ्यायचे नाहीत, मिस्त्रीच म्हणवून घ्यायचे. ज्यांना कधीकाळी आमच्या घरचं पाणी चाललं नसतं, त्यांची गाडी बंद पडली की ती ढकलत आप्पांच्या दारात यायची, आणि आप्पा फडक्याला हात पुसत पुसत सावकाश उठायचे. त्यांचं ते सावकाश उठणं मला लहानपणापासून फार आवडायचं.

आप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत. बाकी सगळी विद्या कानाची आणि डोळ्यांची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत काय घासतंय ते सांगायचं. करंट बघायचा तो ठिणगी पाडून. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी पडली तर ठीक, पिवळट पडली तर गडबड. बॅटरी बघायची झाली तर वायरचा तुकडा तिच्या दोन्ही टोकांना निमिषभर टेकवायचा. चट्‌ आवाज झाला, ठिणगी कशी उडाली ते बघितलं, की झालं निदान. आमच्याकडचे जुने मिस्त्री असंच बघतात. साध्या बाईकच्या बॅटरीत एवढा जोर नसतो, हाताला काही होत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. काम झालं की घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर ते लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. हा बोल्ट मी आवळलाय, ठिपका मोडलेला दिसला तर माझ्यानंतर कुणीतरी हात घातलाय, असा त्याचा अर्थ. आमच्या घरात नेलपॉलिश वापरणारे एकटे आप्पाच, म्हणून आई त्यांना चिडवायची. बांगड्यांच्या दुकानात जाऊन ते स्वतः रंग निवडून आणायचे आणि दुकानदारीण हसली तर तेही हसायचे.

मी बेळगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि तिथंच इलेक्ट्रिक स्कूटरच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. शहापूरच्या एका बोळात खोली घेतली. दिवसभर शेजारी विणकरांच्या मागांची खडखड आणि माझी स्कूटर मात्र बिनआवाजाची. लोकांना वाटतं, तरुण पोरांनी या गाड्यांवर उड्या मारल्या. तसं काही झालं नाही. आमच्या वर्गातली मुलं तोंडानं इलेक्ट्रिकचं कौतुक करायची, मोबाइलवर तासन्‌तास त्याच गाड्यांचे व्हिडिओ बघायची, आणि गॅदरिंगच्या दिवशी फाटक्या सायलेन्सरच्या बाईकवरून गल्ली दणाणत यायची. आवाज नाही ती गाडी कसली, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. वर्कशॉपमध्ये विचारायला आली तर प्रश्न एकच, ‘एका चार्जिंगला तवंदी घाट चढंल काय?’ घाट चढंल म्हटलं की, ‘चढून पुढं किती जाईल?’ मुली तेवढा विचार करत नव्हत्या. पंपावर रांगेत उभं राहायला नको, किक नको, घरी मोबाइलसारखी लावून ठेवली की झालं, एवढ्यावर त्या घ्यायच्या. आधी मुलींनी घेतल्या, मग त्यांच्या भावांनी ‘जरा आणतो चालवून’ म्हणत नेल्या, आणि मग हळूहळू बाईकवाल्यांचा जोर उतरला.

मी माझी स्कूटर पहिल्यांदा निपाणीला नेली, तेव्हा आप्पांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि कुठं लावायचा ते कळेना म्हणून तसेच उभे राहिले.

“हिचं दुखणं कसं कळायचं गं? ही तर बोलतच न्हाय,” ते म्हणाले.

मी हसले. त्या वेळी मला ते गमतीचं वाटलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत आप्पांच्या शेडमध्ये म्हाताऱ्या गाड्या आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. जी पोरं पूर्वी सायलेन्सर बदलायला त्यांच्याकडे यायची, ती आता गाडी बंद पडली की टेम्पोत घालून कोल्हापूरला नाहीतर बेळगावला न्यायची. एकदा माझ्यासमोरच, कॉलेजातला एक मुलगा नुसती हवा भरायला थांबला होता. आप्पांनी आपणहून विचारलं, “बघू का रं, मागचं चाक आवाज करतंय.” तो मुलगा वाईट नव्हता, उलट अदबीनंच म्हणाला, “नको काका, ही इलेक्ट्रिक हाय. तुमास्नी न्हाय कळायचं ह्यातलं.” आप्पांनी हवा भरून दिली. त्या दिवशी जेवताना मात्र त्यांनी आईला विचारलं, “मला न्हाय कळायचं म्हणं. चाक तरी चाकच हाय न्हवं?”

मला त्या मुलाचा राग आला आणि स्वतःचाही आला. कारण मी काम करत होते ते त्याच गाड्यांवर आणि माझ्या वर्कशॉपमध्ये आम्हीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचो, ‘बाहेर कुणाला हात लावू देऊ नका’.

मग एक बाई आली. माझ्याच वयाची, निपाणीत राहणारी, सदलग्याच्या बाजूला एका शाळेत शिकवायला जाणारी. रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता, म्हणून तिनं घरच्यांशी भांडून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. भाऊ म्हणाला होता, ‘वाटंत बंद पडली की मला फोन करू नगंस.’ एका शनिवारी सकाळच्या शाळेला निघालेली असताना गाडी खरोखरच वाटेत बंद पडली. तिनं भावाला फोन केला नाही. भाजीच्या रिकाम्या टेम्पोत स्कूटर घातली आणि निपाणीत शिरताना जी पहिली शेड लागली तिथं उतरवली.

आप्पा नको म्हणू शकले असते. पण कितीतरी दिवसांनी एक तरुण गिऱ्हाईक आपणहून दारात आलं होतं. त्यांनी हात पुसले, सावकाश उठले आणि पाय ठेवायची फळी उघडली.

सोमवारी ती स्कूटर बेळगावला आमच्या वर्कशॉपमध्ये आली आणि माझ्याच वाट्याला आली. बाई म्हणाली, “आमच्या मिस्त्रीनं सांगितलंय, बॅटरी गेलीय म्हणून. बाकी सगळं त्यांनी नीट बसवून दिलंय.” मी फळी काढली, तर आतल्या चारही बोल्टांवर लाल ठिपके होते.

ठिपके बघून मला आधी बरंच वाटलं. घरचं कुणी भेटावं तसं. मग पुढचं दिसलं. कंपनीचं सील फाटलेलं होतं. बॅटरीचं एक टोक काळंठिक्कर पडलेलं आणि त्यावर खोल खड्डा. मीटर लावला तर बॅटरी पूर्ण गेलेली. आत एक छोटा बोर्ड असतो, बॅटरीचा सगळा कारभार तो बघतो. तो जळला होता. आप्पांनी ठिणगी बघितली होती. आणि मूळ बिघाड काय होता? हँडलखालचा एक सॉकेट सैल झाला होता. अंगठ्यानं दाबून बसवला असता तर गाडी चालू झाली असती. चांगली बॅटरी आप्पांच्या हातून मेली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

भरायच्या फॉर्मवर एक चौकट असते. अनधिकृत व्यक्तीने गाडी उघडली आहे का? होय किंवा नाही. ‘होय’वर खूण केली की वॉरंटी संपली. बाईला बॅटरी मिळणार नाही, ती निपाणीला जाऊन आप्पांना जाब विचारणार, तिचा भाऊ चारचौघांत ओरडणार, आणि तो हवा भरणारा मुलगा म्हणणार की मी सांगितलंच होतं. आणि ज्या माणसानं मला शिकवलं, त्याला मी माझ्या अक्षरात अनधिकृत लिहिणार. हे मला झेपेना.

मी थिनरचा बोळा घेतला आणि चारही ठिपके पुसले. काळं टोक घासलं. सील उघडताना माझ्याच हातून फाटलं असं सांगितलं. फॉर्मवर ‘नाही’ची खूण केली. यात कुणाचंच वाईट होत नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला लगेच पटलंही. पटवून घ्यायचं असलं की माणूस स्वतःशी फार वाद घालत नाही.

बाईला नवी बॅटरी मिळाली. त्याच आठवड्यात आप्पांचा फोन.

“काय गं, त्या बाईंची गाडी तुझ्याकडंच आलती म्हणं? बॅटरीच गेलती न्हवं?”

“व्हय, आप्पा.”

“मी काय म्हणलो? वायर टेकवली तशी एकदाच भडकली आनि गप झाली. तवाच वळखलं, आत जीव न्हाय हिच्यात. बरोबर का न्हाय?”

माझ्यासमोर दुसरी एक स्कूटर उघडी पडली होती. मी म्हटलं, “बरोबर वळखलासा, आप्पा.”

तिकडे ते आईला ओरडून सांगत होते ते मला फोनवर ऐकू आलं. त्यांचा इतका आनंदी आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

बाईनं शाळेत सांगितलं की निपाणीत एक मिस्त्री आहे, त्यानं नुसतं बघून ओळखलं. शाळेतल्या दोघी-तिघी मास्तरणी यायला लागल्या. मग त्यांचे भाऊ आले, मग भावांचे मित्र आले. ब्रेक, चाकं, हँडल, आरसे, हे तर आप्पा झोपेतही करतील. मधल्या एका सुट्टीत मी घरी गेले तर शेडवर नवी पाटी होती, ‘इलेक्ट्रिक गाड्यांचे काम केले जाईल’. आप्पांनी स्वतः ब्रशनं लिहिली होती. जी पोरं आधी काका म्हणून बाजूला सारायची ती बाकड्यावर बसून त्यांना विचारत होती, ‘कुठली घेऊ, तुम्ही सांगा’. आप्पाही माझ्याकडून ऐकलेलं त्यांना ऐटीत सांगत होते. उन्हात लावू नका, पुरी उतरेपर्यंत चालवू नका, सायलेन्सर नाही म्हणून लाजू नका.

मी त्या पाटीखाली उभी राहून ती दोनदा वाचली. ते ठिणगी बघणार हे मला माहीत होतं. मी बेळगावहून चांगला मीटर आणून दिला. कसा लावायचा, आकडा कसा वाचायचा, सगळं दाखवलं.

“आप्पा, ह्या बॅटरीत लई जोर असतोय. वायर टेकवून बघू नगासा. मीटरच लावायचा.”

त्यांनी मीटर कौतुकानं उलटसुलट केला आणि खिळ्याला अडकवला.

“मीटर चांगलाच हाय की. पर ठिणगी खोटं बोलत न्हाय. त्या बाईंच्या गाडीचं दुखणं मीटर लावून वळखलं का मी? ठिणगीवरनंच वळखलं न्हवं? तूच म्हणलीस की, बरोबर हाय म्हणून.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते नवं समाधान होतं आणि मला वाटलं, आज नको. त्यांचा आजचा दिवस कशाला नासवायचा. मी म्हटलं, “तरीबी मीटरच लावा, आप्पा,” आणि बस पकडायला निघाले. पुढच्या खेपेला सांगू, असं मी चार-पाच खेपा म्हणत राहिले.

आईचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कॉलेजातल्या कुणाची तरी स्कूटर बंद पडली होती. आप्पांनी बॅटरी बाहेर काढली, तिच्या टोकांवरची झाकणं उघडली आणि लोखंडी पक्कड दोन्ही टोकांना टेकवली. त्यांना एकदा भडकून गप होईल असं वाटलं होतं. ती गप झाली नाही. पक्कड तिथंच चिकटली, आणि मनगटातल्या घड्याळाचा स्टीलचा पट्टाही तापून रुतला. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं त्यांना ओढून काढलं.

बेळगाव ते निपाणी मी माझ्या स्कूटरवर गेले नाही. गाडीत अर्धंच चार्जिंग होतं आणि मध्ये घाट. ‘चढून पुढं किती जाईल’ असं विचारणाऱ्या पोरांना मी दोन वर्षं हसले होते. त्या दिवशी मी रिक्षानं स्टँडवर गेले आणि कोल्हापूरच्या बसमध्ये उभ्यानं आले. वाटेतल्या प्रत्येक स्टॉपचा मला राग येत होता.

कातडी भरून आली. त्या भडक्यानं डोळ्यांपुढं आलेली अंधारीही आठवड्याभरात गेली. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. व्यायाम करा, फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा रोज व्यायाम करायचे. उंबऱ्यात बसून दहा नंबरचा पाना उजव्या हातात धरायचा प्रयत्न करायचे, आणि पाना खाली पडला की डाव्या हातानं उचलून परत ठेवायचे. ज्याची गाडी होती तो मुलगा दोनदा भेटायला आला. दुसऱ्यांदा आला तो बाईकवर. घरच्यांनी इलेक्ट्रिक विकायला लावली म्हणाला. एकाचं बघून त्याच्या मित्रांनीही बेत रद्द केले. या गाड्या भडकतात, अशी हवा आमच्या भागात वर्षभर होती. गाडीचा काही दोष नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि तेही मी कुणाला सांगू शकत नव्हते. पुढं ती हवा ओसरली, हाताचं लोक विसरले आणि ‘गाड्या आल्या, मिस्त्री बसला’ एवढंच उरलं.

पण मला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. आप्पा दिवसातून दोनदा तरी तोच हिशोब मांडायचे. पहिली बरोबर ओळखली, मग दुसऱ्या वेळी काय चुकलं? पक्कड घेतली म्हणून? वायर घ्यायला पाहिजे होती? वय झालं, हात कापला असेल? आपला दोष शोधत शोधत ते स्वतःला रोज थोडं म्हातारं करत होते. एका रविवारी सकाळी आई दारात सूप घेऊन विड्या वळत होती, आप्पा उंबऱ्यात पाना घेऊन बसले होते, आणि त्यांनी मला परत तेच विचारलं.

“पहिलीला बरोबर वळखलं. दुसरीलाच कसं चुकलं असंल गं?”

“पहिलीबी बरोबर नव्हती, आप्पा.”

मग मी सगळं सांगितलं. सैल सॉकेट, काळं टोक, जळलेला बोर्ड, थिनरनं पुसलेले ठिपके, ‘नाही’वर केलेली खूण. माझं संपल्यावर त्यांनी मिस्त्री विचारेल तेच विचारलं.

“सॉकेट कुठला? हँडलखालचा व्हय?”

“व्हय.”

“म्हंजे नुसता दाबला असता तरी चालू झाली असती.”

“झाली असती.”

आईचे हात थांबले होते. मला वाटलं, आता आप्पा ओरडतील. ओरडले असते तर मला रडता आलं असतं. त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं.

“माझ्या जागी दुसरा कोण मिस्त्री असता, चिकोडीचा न्हायतर संकेश्वरचा, तर त्याला फोन करून सांगितलं असतंस का न्हाय, की बाबा चुकलंय तुझं, परत असं करू नगंस?”

“सांगितलं असतं, आप्पा. त्याच दिवशी सांगितलं असतं.”

त्यांनी मान हलवली. उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

“मग तेवढ्यापुरतं मलाबी परकं धरायचं हुतंस की गं.”